डबल ट्रॉली काट्यावरनं गेल्यावर

कारखान्याच्या मुलाखतीला गेलो तेव्हा टेबलापलीकडे तिघंजण बसले होते. एमडी साहेबांनी शिक्षण विचारलं. लेबर ऑफिसरनी गाव विचारलं आणि आडनावावरून आमचे पाहुणे कुठल्या गावात निघतात याची चाचपणी केली. टेबलाच्या कडेला एक बाई बसल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढचं, डोक्यावर ओढणी, ओढणीवर ढकललेला चष्मा. त्या इतका वेळ माझ्याकडे न बघता खिडकीतून उसाच्या रिकाम्या यार्डाकडे बघत होत्या. एमडी साहेबांनी "मॅडम, तुम्हाला काही?" असं म्हटल्यावर त्यांनी मान वळवली.

"कदम, तुमच्यात लग्न झाल्यावर मांडव कवा काढत्यात?"

मी तेव्हा शिरवळच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळत होतो. बॅकअप, नेटवर्क, सुरक्षा असं बरंच काही घोकून आलो होतो, त्यात मांडव कुठेच नव्हता. पण आमच्या साताऱ्याकडची रीत ठाऊक होती. म्हणालो, "मांडवपरतणी झाल्यावर. पोरगी सासरी जाऊन एकदा माहेरी येऊन जाते, मग उतरवतात."

"वऱ्हाड गेल्यावर लगेच का न्हाई? मांडववाला तर दारात येऊन बसलेला असतोय."

"परत आलेल्या पोरीला मांडव दिसला पाहिजे ना, मॅडम."

"घ्या ह्यांना," त्या एमडींना म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या.

अशी माझी मोमीन मॅडमशी ओळख झाली. वाळवा तालुक्यात, आष्ट्यापासून फार लांब नसलेल्या त्या कारखान्याच्या संगणक विभागाच्या त्या प्रमुख. विभागाला सगळे ईडीपी म्हणायचे. ईडीपी म्हणजे काय हे कुणाला सांगता येत नव्हतं, पण तिथं गेल्याशिवाय कारखान्यातलं पान हलत नाही एवढं सगळ्यांना कळत होतं. उसाची नोंद, तोडीचा क्रम, हजेरी, साखरेचा साठा, आणि मुख्य म्हणजे काट्यावरचं वजन, हे सगळं एका सर्व्हरवर चालायचं. काटा म्हणजे भरल्या गाडीचं वजन करायचा तो मोठा लोखंडी चौथरा. आमच्या भागात लोक देवाची शपथ खोटी घेतील, पण काट्याच्या बाबतीत फार हळवे. कुठल्याही कारखान्याच्या काट्याबद्दल कुठल्याही पारावर बोलायला बसा, चहा गार होईल पण विषय संपणार नाही.

मुलाखतीतल्या प्रश्नाचा अर्थ मला रुजू झाल्यावर पंधरवड्यात कळला. सर्व्हरवर एक पॅच आला होता. पॅच म्हणजे चालू प्रोग्रॅमला कंपनीकडून येणारं ठिगळ, कुठं उसवलं असेल तर बुजवायला. मी तो नीट बसवला, सर्व्हर बंद करून चालू केला, सगळं सुरळीत दिसलं. मग शिरवळच्या सवयीनं त्या पॅचच्या फाइली उडवायला निघालो. मॅडमनी माझ्या खुर्चीमागून विचारलं, "काय करताय?"

"पॅच लागला मॅडम. फाइली डिलीट करतोय. उगीच जागा अडते."

"लागला. पण बसला का?"

पुढची काही वर्षं हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला, की आजही स्वतःशीच बोलताना मला तो त्यांच्याच आवाजात ऐकू येतो. लागणं वेगळं आणि बसणं वेगळं. पॅच लागला हे मशीन सांगतं. बसला हे माणसं सांगतात, आणि तेही त्यांची सगळी कामं त्यावर एकदा करून झाल्यावर. तोवर मांडव उतरवायचा नाही.

मॅडम मूळच्या माधवनगरच्या. घरात यंत्रमाग. वडील गेल्यावर भावानं माग चालू ठेवले होते, आणि मॅडम अजूनही त्याच घरातून रोज स्कूटरवर यायच्या, पावसाळ्यात सुद्धा. ईदच्या दिवशी मी शिरखुर्मा खायला गेलो होतो तेव्हा त्यांनी मला आधी मागाच्या शेडमध्ये नेलं. माग बंद होते. एका मागावरचं सुताचं बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपलेलं होतं आणि जुन्या सुताची टोकं तशीच लोंबत ठेवली होती. मला वाटलं कुणीतरी काम अर्धवट टाकलंय.

"ही कापून टाकली तर काय हुईल?" मॅडमनी विचारलं. त्यांना माहीत असलेल्या गोष्टीही त्या अशा विचारायच्या, जणू उत्तर आज पहिल्यांदाच कळणार आहे.

भावानं खुर्म्याची वाटी हातात देत सांगितलं, "नव्या बीमचा एकेक धागा ह्या जुन्या टोकाला सांधायचा असतोय. टोकं कापली की पयल्यापासनं एकेक धागा ओवत बसा. दिवस जातोय भाऊ."

"आणि सांधून झाल्यावर?"

"मग जुनी टोकं पुढं ओढून कापायची. ठिवली तर कापडात गाठी येत्यात."

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. आपल्याला जे सांगायचं होतं ते दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतल्याचा आनंद त्या लपवायच्या नाहीत.

या मागाच्या घरातूनच त्यांची आणखी एक सवय आली होती. पॅच लागला की त्या सर्व्हरच्या कपाटाच्या जाळीला सुताचा एक दोरा बांधायच्या, दर पॅचला वेगळ्या रंगाचा. पॅच बसला, मागे ठेवलेलं जुनं उडवून झालं, की कात्रीनं दोरा कापायचा. कपाटाकडे एक नजर टाकली तरी अजून काय काय बसायचं राहिलंय ते कळायचं. पण हे आम्हाला कळायचं. लेखापरीक्षणाला आलेल्या एका साहेबांनी ती जाळी बघून मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नवस वगैरे असतो का इथं?" मी "मॅडमना विचारा" म्हणालो. मॅडमनी गंभीरपणे सांगितलं, "व्हय. पुरा झाला की सोडतो आमी." साहेबांनी पायातले बूट काढून ठेवले. दसऱ्याला तर यार्डातली माणसं येऊन कपाटाला झेंडू वाहायची. मॅडम झेंडू चालवून घ्यायच्या, कुंकू मात्र लांब ठेवायला लावायच्या. "पंख्यात जातंय ते. देवाला घाला, ह्याला नको."

त्यांना प्रश्न विचारायची खोडच होती. कुठलाही पॅच लावायच्या आधी त्या यार्डात चक्कर मारायच्या. ट्रॅक्टरवाल्याला विचारायच्या, "पुढची ट्रॉली आधी घेता का मागची?" बैलगाडीवाल्याला विचारायच्या, "बैल काट्यावर उभं ऱ्हात्यात का, का जू सोडून घेता?" भांडारातल्या क्लार्कला विचारायच्या, "वर्षातनं एकदाच करतोस असं काय हाय रं तुझ्याकडं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. रोजची कामं रोज होतात, बिघडली तर रोज कळतं. वर्षातनं एकदा होणारी कामं घात करतात. सुरुवातीला मला हे सगळं वेळखाऊ वाटायचं. एकदा म्हणालोही, "मॅडम, हे तर कंपनीच्या माहितीपत्रकात असतं."

"माहितीपत्रक लिवणाऱ्यानं बैल बघितलाय का?"



आता हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की बाई फारच पोहोचलेल्या होत्या आणि कधी चुकत नसत. तसं नव्हतं. चुकल्या, आणि अशा चुकल्या की सगळ्या तालुक्याला कळलं.

माझा तो दुसरा सीझन. ऐन हंगाम, दुपारची वेळ, यार्ड गच्च भरलेलं, आणि काट्यावरून निरोप आला की पावती निघत नाही. बघतो तर सर्व्हरची डिस्क शिगोशीग भरलेली. नवं एक अक्षर ठेवायला जागा नाही. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. उडवायला घाई करायची नाही, या नियमापायी मॅडमनी कित्येक सीझनपूर्वीच्या पॅचच्या फाइलीसुद्धा तशाच ठेवल्या होत्या. त्यांचे दोरेही जाळीवर होते. इतके विटलेले, की रंग ओळखू येत नव्हता. मॅडम बघत राहिल्या. मग स्वतः बसून एकेक उडवायला लागल्या. पण कुठलं उडवलं तर चालतं हे बघून बघून करायला वेळ लागतो. तोवर ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. उन्हात ऊस वाळतो, वाळला की वजन घटतं, आणि वजन घटलं की माणसाचं डोकं तापतं. ड्रायव्हर खाली उतरून ओरडायला लागले. चेअरमन साहेब आले, आणि काट्यापाशी, सगळ्यांच्या देखत, मॅडमना नको नको ते बोलले. बाईमाणूस म्हणूनही बोलले. ते मला आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मॅडम ऐकून घेत उभ्या होत्या. साहेबांचं बोलून झाल्यावर त्या काट्याच्या कठड्याला हात लावून म्हणाल्या, चेअरमनना नव्हे, रांगेतल्या ड्रायव्हरना, "चूक माझी हाय. ठेवायचं कळलं, टाकायचं कळलं न्हाई. पण आज सांगते, माझ्या हातानं काटा परत कवा थांबला, तर त्या सीझननंतर मी ह्या कारखान्यात दिसायची न्हाई."

ड्रायव्हर एकेक करून आपापल्या गाडीवर जाऊन बसले. काट्याला हात लावून बोललेल्या शब्दाची आमच्याकडे चेष्टा करत नाहीत.

त्यानंतर त्यांनी नियम धारदार केला. तो मी आजही पाळतो, म्हणून सांगतो. पॅच बाहेरून येतो ते एक पुडकं. ते पॅच लागल्यावर सर्व्हरवर लोळत ठेवायचं नाही, वेगळ्या डिस्कवर हलवायचं. हलवणं म्हणजे उडवणं नव्हे. दुसरं म्हणजे, पॅच लागताना जुन्या प्रोग्रॅमचे जे तुकडे स्वतःच बाजूला काढून ठेवतो, ती जुनी टोकं. पॅच बिघडला तर त्याच टोकांना धरून मागं येता येतं. ती हलवायचीही नाहीत आणि आपल्या हातानं उडवायचीही नाहीत. सगळी कामं एकदा होऊन गेली की पॅचच्याच आज्ञेनं काढायची. आणि सगळी कामं झाली हे ओळखायचं कसं? मॅडमनी साऱ्या कारखान्यातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक शोधून ठेवलं होतं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. दोन ट्रॉल्यांत कधी एकाच शेतकऱ्याचा ऊस, कधी दोघांचा. भरल्या ट्रॉल्या एकेक करून काट्यावर घ्यायच्या, रिकाम्या होऊन परत आल्या की पुन्हा एकेक करून घ्यायच्या, आणि चारही आकड्यांचा मेळ घालून दोन पावत्या काढायच्या. "डबल ट्रॉली काट्यावरनं गेल्याबिगर दोरा कापायचा न्हाई," हा नियम झाला.

पुढचे सीझन काटा एकदाही अडला नाही. मॅडम कधी त्या शब्दाबद्दल बोलल्या नाहीत. पण काट्यावरून फोन आला की त्यांचा हात फोनवर जायच्या आधी एक क्षण थबकायचा. नोकरी ही त्यांना पगारापुरती नव्हती. ती खुर्ची त्यांनी, मागवाल्याच्या पोरीनं, एकटीनं उभी केली होती, आणि आता ती एका वाक्यावर टेकलेली होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मग एका पावसाळ्यात काट्याच्या प्रोग्रॅमचा मोठा पॅच आला. आता तो प्रोग्रॅम पुण्याच्या एका कंपनीकडे दिलेला होता आणि त्यांचे एक साहेब अधूनमधून गाडीनं यायचे. माणूस वाईट नव्हता. सभ्य, हुशार, दर वाक्यात "बेसिकली" म्हणणारा. पॅच लागला, मॅडमनी हिरवा दोरा बांधला. महिना गेल्यावर साहेब आले आणि म्हणाले, "बेसिकली मॅडम, आमचा नियम तीस दिवसांचा आहे. तीस दिवस प्रॉब्लेम नाही म्हणजे पॅच स्टेबल. जुनं सगळं काढून टाका. डिस्क पण भरत आलीय."

"तीस दिवसात काट्यावरनं काय काय गेलं?"

"शंभर टक्के ट्रॅफिक गेलं. साखरेचे ट्रक, मळीचे टँकर. सगळी वजनं बरोबर."

"ऊस?"

साहेब हसले. "मॅडम, ऑगस्टमध्ये ऊस कुठून येणार?"

"त्येच म्हणते मी."

साहेबांनी ते मनाला लावून घेतलं असावं. एमडींना लेखी कळवलं, की डिस्क भरून पुन्हा काटा थांबला तर ती जबाबदारी आमची नाही, मोमीन मॅडमची. एमडींनी मॅडमना बोलावलं. मीही होतो. एमडी साहेब समजुतीनं बोलत होते, "मॅडम, तुम्हीच काट्यावर बोलून बसलाय. डिस्क भरली तर काय करणार? उडवा आणि मोकळ्या व्हा. जबाबदारी त्यांची होईल."

मलाही ते पटत होतं. ठेवलं आणि डिस्क भरली तर मॅडम जाणार. उडवलं आणि पॅच बिघडला तर बोल पुण्याच्या कंपनीला. स्वतःचं बघणाऱ्या माणसाला दुसरा विचार करायची गरज नव्हती.

मॅडमनी विचारलं, "साहेब, डिस्कवर जागा कशानं भरलीय ते बघितलं का कुणी?"

कुणी बघितलं नव्हतं. मॅडम परत आल्या, बसल्या आणि शोधायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांना हसू फुटलं. चेअरमन साहेबांच्या वाढदिवसाच्या चित्रफिती. दरवर्षीच्या. क्रेननं हार घालताना, पेढेतुला होताना, शुभेच्छांची भाषणं सुरू असताना. जनसंपर्काच्या कुणीतरी सुरक्षित जागा म्हणून काट्याच्या सर्व्हरवर आणून ठेवल्या होत्या. मॅडमनी त्या सगळ्या काळजीपूर्वक वेगळ्या डिस्कवर हलवल्या आणि निम्म्याहून जास्त जागा मोकळी झाली.

"उडवा की त्या," मी म्हणालो.

"आवं कदम, चेअरमनचा वाढदिवस अजून बसायचा ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या. त्यांनी त्या डिस्कलाही एक दोरा बांधला.

दिवाळी झाली, मोळीपूजनाचा दिवस उजाडला. उसाची पहिली मोळी गाळपाच्या गव्हाणीत पडायचा कार्यक्रम म्हणजे गावजेवणाचा थाट. मांडव, पाहुणे, नारळ, फेटे. सजवलेल्या बैलगाड्या काट्यावरून गेल्या, मग ट्रॅक्टर सुरू झाले. मॅडम ईडीपीच्या खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. पहिली डबल ट्रॉली गेली, दुसरी गेली. पावत्या निघत होत्या. मी निर्धास्त झालो आणि जेवायला जाऊ म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "तुमी जावा." त्या हलल्या नाहीत.

दुपार कलताना खिडकीवर एक शेतकरी आला, सर्जेराव. डोक्याला फेटा, हातात पावती, आणि चेहरा लालबुंद.

"आवं मॅडम, माझा ऊस कुणी खाल्ला?"

सर्जेरावाची ट्रॉली आणि त्याच्या थोरल्या भावाची ट्रॉली एकाच ट्रॅक्टरला आली होती. एकाच टोळीनं भरलेल्या, सारख्याच मापाच्या, सारख्याच उंच. सर्जेरावाच्या पावतीवर वजन लाजिरवाणं कमी होतं. भावांमध्ये वाटणी झाल्यापासून बोलणं नव्हतं. भावानं काट्यावर कुणाला तरी खिशात घातलंय, अशी सर्जेरावाची खात्रीच झाली होती. "ह्यो कारखाना पेटवतो का न्हाई बघा," असंही तो म्हणाला.

दुसऱ्या कुणी त्याला समजूत घालून बाहेर काढलं असतं. मॅडमनी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "तुमची ट्रॉली पुढची का मागची?"

"पुढची."

मॅडमनी पडद्यावर दोन्ही भावांची वजनं काढली. दोघांच्या उसाचं मिळून वजन अगदी बरोबर होतं. मग त्यांनी वेगवेगळे आकडे बघितले, आणि बोट पडद्यावर तसंच ठेवलं. मीही बघितलं. नवा पॅच रिकाम्या झालेल्या दोन्ही ट्रॉल्यांचं वजन पुढच्याच ट्रॉलीतून वजा करत होता. मागच्या ट्रॉलीतून काहीच नाही. म्हणजे मागच्या शेतकऱ्याच्या नावावर उसाबरोबर लोखंडी ट्रॉलीही जमा होत होती आणि पुढचा दोन्ही ट्रॉल्यांचा भार सोसत होता. बेरीज मात्र जमत होती. कारखान्याच्या कुठल्याही हिशोबात हे कधीच दिसलं नसतं. दिसलं असतं फक्त बांधावर, दोन भावांत, दोन शेजाऱ्यांत. ज्याला कमी मिळालं तो ओरडणार, आणि ज्याला जास्त मिळालं तो कशाला तोंड उघडतोय?

एमडी साहेब मांडवातून धावत आले. सगळं ऐकून म्हणाले, "बेरीज बरोबर आहे ना? मग संध्याकाळपर्यंत चालू दे मॅडम. पाहुणे बसलेत. उद्या गुपचूप दुरुस्त करा. आज पहिल्याच दिवशी काटा थांबला तर काय होईल, तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

त्यांना काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. मला तर ओरडून सांगावंसं वाटत होतं की मॅडम, ऐका, फक्त संध्याकाळपर्यंत.

मॅडमनी सर्जेरावाकडे बघितलं. "संध्याकाळपतूर अशा किती जोड्या घरला जातील, साहेब?"

आणि त्यांनी काटा थांबवला. काट्यावरच्या क्लार्कला फोन केला नाही, मला सांगितलं नाही. स्वतःच्या हातानं.

मग त्या मला म्हणाल्या, "जुनी टोकं हायत न्हवं?"

"आहेत मॅडम."

"मग वढा मागं."

मी मागं यायची आज्ञा दिली. जुने तुकडे एकेक करून आपापल्या जागी जायला लागले. मॅडम माझ्यापाशी थांबल्या नाहीत. त्या रांगेकडे गेल्या, ट्रॅक्टर ट्रॅक्टरपाशी जाऊन सांगितलं, काटा बिघडला न्हाई, काट्याचा हिशोब बिघडलाय, दुरुस्त होतोय, ज्यांच्या पावत्या चुकल्यात त्यांना नव्या मिळतील. सगळी मूळ वजनं सर्व्हरवर शाबूत होती. रांग फाटकापर्यंत पोचायच्या आत काटा सुरू झाला आणि चुकलेल्या पावत्या नव्यानं निघाल्या.

सर्जेरावाचा थोरला भाऊ नवी पावती घ्यायला आला तेव्हा सर्जेराव तिथंच होता. थोरल्यानं जुनी पावती परत देताना पुटपुटल्यासारखं म्हटलं, "मला वाटलंच हुतं, जरा जास्त झालंय."

"जरा?" सर्जेराव म्हणाला.

क्लार्कनं सांगितलं की वाटणीनंतर दोघांत झालेला हा पहिला शब्द. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

पण त्या संध्याकाळी एमडींच्या खोलीत त्या म्हणाल्या, "सीझन पुरा करते साहेब. बीम अर्धं टाकून उठत न्हाई मी. मग रजा द्या."

एमडी साहेब चिडले, "अहो, काटा पॅचनं थांबला! तुम्ही तर वाचवला!"

"थांबवला कुणी?"

"मॅडम, शब्दाचा असा कीस काढायचा असतो का?"

"काट्यावर बोलले हुते साहेब. काट्यावरचं वजा हुत न्हाई."

मला त्यांचा राग आला. तो राग मी सीझनभर बाळगला. मला वाटायचं ही निव्वळ आडमुठी बाई आहे, हिला आपल्याशिवाय कुणाचं काही पडलेलं नाही. चेअरमन साहेब स्वतः येऊन बोलले. त्या दिवशी काट्यावर जे बोललो ते विसरा म्हणाले. मॅडमनी त्यांना चहा पाजला आणि वाढदिवसाच्या चित्रफिती कुठं ठेवल्यात ते दाखवलं. निर्णय हलला नाही. मला राग का येत होता हे मला फार उशिरा कळलं. त्या जाणार म्हणून येत होता.

पुण्याच्या कंपनीनं सुधारलेला पॅच पाठवला. तो आम्ही सीझनमध्येच लावला, आणि डबल ट्रॉल्या त्यावरून रोज जात राहिल्या. पुण्याचे साहेब एकदा येऊन मॅडमशेजारी यार्डात उभे राहून डबल ट्रॉलीचं वजन कसं होतं ते पाहून गेले. "बेसिकली आम्ही हे बघितलंच नव्हतं," ते म्हणाले. मॅडमनी त्यांना ऊस खायला दिला.

उन्हं तापली, ऊस संपत आला, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे त्या सीझनचं गाळप संपलं. शेवटची ट्रॉली काट्यावरून गेली. मॅडम आत आल्या. मला पॅचची जुनी टोकं काढायची आज्ञा द्यायला लावली, ती पुरी होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या, मग जाळीवरचा दोरा कापला. जाळी पहिल्यांदाच मोकळी दिसली.

"आता माझं खातं उडवा," त्या म्हणाल्या.

सर्व्हरवर शिरायला प्रत्येकाचं एक खातं असतं, नाव आणि पासवर्ड. त्यांचं खातं सगळ्यात जुनं होतं.

"आता नाही मॅडम," मी म्हणालो. "तुमचाच नियम. एक सीझन तुमच्याशिवाय जाऊ दे. डबल ट्रॉल्या जाऊ देत. मग उडवतो."

"त्यो पॅचचा नियम हाय. मागं येता यावं म्हणून ठिवायचं असतंय. मी मागं येणार न्हाई."

"राहू दे की. जागा कितीशी लागते?"

"कदम, माझं नाव हितं ऱ्हायलं तर पुढच्या मोळीला काटा आडल्यावर तुमी काट्याकडं बघणार न्हाई. मला फोन लावशीला."

"लावीन."

"म्हणून म्हणते."

मी उडवलं. त्या म्हणाल्या, "थांबा," आणि माझ्या जागी बसल्या. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. स्वतःचं नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला. पडद्यानं नाकारलं. पुन्हा एकदा लिहिला, सावकाश, एकेक अक्षर बघून, आपलंच बोट चुकलं नसेल ना याची खात्री करून घेत. पुन्हा नाकारलं.

"चोख," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि काम नीट झाल्यावर चेहऱ्यावर असायचं ते समाधानही होतं.  त्यांनी पर्स उचलली, स्कूटरची चावी घेतली आणि बाहेर पडल्या.

मी खिडकीपाशी गेलो. यार्ड रिकामं होतं. एरवी त्या काट्याच्या कडेनं स्कूटर काढायच्या. त्या दिवशी अडवायला गाडी नव्हती, त्या सरळ काट्यावरून गेल्या. मी वळून बघितलं, काट्याचं वजन दाखवणाऱ्या पडद्यावर छोटासा आकडा उमटला होता; तो क्षणभर टिकला, आणि स्कूटर पलीकडे उतरल्यावर पुन्हा शून्य झाला.